रॉक क्रॉलिंग बग्गीचा आकार व व्हीलबेस

रॉक क्रॉलिंग बग्गी हे मोठे दगड, कातळ आणि खडकाळ ओढे अत्यंत मंद गतीने ओलांडण्यासाठी बांधलेले चारही चाकांना शक्ती देणारे वाहन आहे. त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो. बाह्य पत्रा नसतो किंवा नावापुरता असतो, आणि चाके वाहनाच्या चारही कोपऱ्यांत शक्य तितकी बाहेर बसवलेली असतात. अशी बग्गी बांधताना सर्वांत आधी ठरवावे लागते ते माप म्हणजे व्हीलबेस, अर्थात पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्यांमधील अंतर. इंजिन, गिअरबॉक्स, टायर आणि स्प्रिंग पुढे बदलता येतात. नळ्या एकदा वाकवून वेल्डिंग झाले की व्हीलबेस बदलणे म्हणजे जवळजवळ नवी बग्गी बांधणे होय.

या लेखात व्हीलबेस, ट्रॅक रुंदी, टायरचा व्यास आणि गुरुत्वमध्याची उंची यांचा परस्परसंबंध दिला आहे. भूभागाचे उदाहरण म्हणून पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुके घेतले आहेत.

पार्श्वभूमी

खडकांवरून वाहन नेण्याच्या छंदाचा उगम अमेरिकेत जीपच्या प्रसारासोबत झाला. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेवर १९५३ मध्ये पहिला जीप जांबोरी हा सामूहिक प्रवास झाला. पुढे युटा राज्यातील मोआब आणि कॅलिफोर्नियातील जॉन्सन व्हॅली ही या छंदाची प्रमुख ठिकाणे ठरली. जॉन्सन व्हॅलीत २००७ पासून किंग ऑफ द हॅमर्स ही शर्यत भरते. तिच्यात वाळवंटातील वेग आणि खडकांवरील चढाई या दोन्हींची परीक्षा होते. शुद्ध रॉक क्रॉलिंगच्या स्पर्धेत मात्र वेगाला फारसे महत्त्व नसते. उभ्या केलेल्या खुणांच्या जोड्यांमधून वाहन न्यायचे असते, आणि खुणेला स्पर्श झाला किंवा वाहन मागे घ्यावे लागले तर दंडगुण मिळतात. त्यामुळे चढण्याची क्षमता आणि वळण्याची क्षमता यांतील ओढाताण हाच या वाहनाच्या रचनेचा गाभा ठरला.

महाराष्ट्राचा जीपशी जुना संबंध आहे. महिंद्रने स्वातंत्र्यानंतर मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्या परंपरेतील सीजे-३बी या जीपचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिमी होता. २०१० साली आलेल्या महिंद्र थारचा व्हीलबेस २४३० मिमी, २०२० च्या थारचा २४५० मिमी आणि २०२४ च्या पाच दारी थार रॉक्सचा २८५० मिमी आहे. पुण्याच्या फोर्स मोटर्सची तीन दारी गुरखा २४०० मिमीची आहे. मारुती जिप्सीचे उत्पादन १९८५ मध्ये सुरू झाले. तिचा व्हीलबेस २३७५ मिमी आहे, आणि पुढे-मागे दोन्हीकडे अखंड आस व पाट्याच्या कमानी असल्यामुळे भारतीय बांधणीकारांना ती आजही सोयीची वाटते. ही मापे पुढील गणितांत तुलनेसाठी वापरली आहेत. सत्तर वर्षांत मापे वाढत गेली, पण त्यामागे खडकापेक्षा प्रवाशांच्या सोयीचा वाटा मोठा होता. म्हणून बाजारातील वाहनाचा व्हीलबेस बग्गीसाठी आदर्श असेलच असे गृहीत धरता येत नाही.

पोट टेकण्याचा कोन

वाहन एखाद्या उंचवट्यावर चढून मधोमध अडकते, त्याला व्यवहारात ‘पोट टेकणे’ म्हणतात. दोन्ही आसांच्या मधोमध पोटाची उंची आणि व्हीलबेस यांवरून हा कोन काढता येतो. पोटाच्या उंचीच्या दुपटीला व्हीलबेसने भागावे, त्या गुणोत्तराचा व्यस्त स्पर्शज्या कोन घ्यावा आणि त्याची दुप्पट करावी. टायरची गोलाई विचारात न घेणारे हे ढोबळ सूत्र तुलनेसाठी पुरेसे आहे.

पोटाची उंची ३०० मिमी धरल्यास २०३२ मिमीच्या जीपला सुमारे ३३ अंश, २४३० मिमीच्या वाहनाला २८ अंश आणि २८५० मिमीच्या वाहनाला २४ अंश मिळतात. एवढ्यावरून आखूड वाहन श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि नवशिक्या बांधणीकारांची पहिली चूक बहुधा हीच असते. २८५० मिमीच्या वाहनाचे पोट ३०० वरून ४२० मिमीपर्यंत उचलले तर त्यालाही जवळजवळ ३३ अंश मिळतात. मोठ्या टायरने किंवा पोर्टल आसाने ही उंची साधता येते. पोर्टल आसात चाकापाशी दातेरी चक्रांची जोडी असते आणि आस चाकाच्या मध्याच्या वर राहतो. अर्थात उंची वाढली की गुरुत्वमध्यही वर जातो. शिवाय बग्गीचे पोट सपाट व जाड पत्र्याने झाकलेले असते आणि ते दगडावरून घसरवत नेणे हे चालवण्याच्या तंत्रातच मोडते. पोट टेकले म्हणजे सर्व संपले असे नव्हे.

पायरी, चढ आणि उलटणे

एक मीटर उंचीच्या कातळाच्या पायरीवर पुढची चाके चढली आहेत आणि मागची अजून खाली आहेत, अशी स्थिती विचारात घ्यावी. या क्षणी वाहन किती कलते हे केवळ पायरीची उंची व व्हीलबेस यांवर अवलंबून असते. २०३२ मिमीचे वाहन सुमारे २९.५ अंशांनी, २४३० मिमीचे २४.३ अंशांनी आणि २८५० मिमीचे २०.५ अंशांनी मागे कलते. पायरीच्या पायथ्याची जमीन आधीच २५ अंश चढती असेल, तर आखूड वाहनाचा एकूण कल ५४ अंशांच्या पुढे जातो. लांब वाहन मात्र ४६ अंशांच्या आतच राहते. चालक वाचतो की उलटतो हे अनेकदा या आठ-नऊ अंशांवर ठरते.

वाहन मागे उलटण्याची मर्यादा गुरुत्वमध्यावरून काढतात. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा मागच्या चाकांच्या टेकण्याच्या रेषेपलीकडे गेला की वाहन उलटते. २४०० मिमी व्हीलबेस, ५५ टक्के भार पुढच्या आसावर आणि गुरुत्वमध्याची उंची ७५० मिमी असेल, तर चढावर ही मर्यादा सुमारे ६० अंश येते. त्याच वाहनाची उतारावरची मर्यादा ५५ अंश आहे, कारण गुरुत्वमध्य पुढच्या आसाच्या अधिक जवळ आहे. भार पुढे आणल्याने चढ सोपा होतो आणि उतार अवघड होतो, ही गोष्ट चढाच्या उत्साहात बऱ्याचदा विसरली जाते.

हे आकडे ताठ खोक्याचे आहेत. प्रत्यक्षात चढावर मागच्या कमानी दबतात, पुढच्या सुटतात आणि वाहन स्वतःहून आणखी मागे कलते. त्यात चाकाने अचानक पकड घेतल्याचा धक्का बसला की गणिती मर्यादेच्या बऱ्याच आधी पुढची चाके हवेत जातात. म्हणूनच मर्यादेपेक्षा पुढच्या चाकांवर शिल्लक राहणारा भार पाहणे अधिक उपयुक्त असते. वरील भारवाटप व उंची कायम ठेवून ४५ अंशांच्या चढावर हिशेब केल्यास, जमिनीवर पडणाऱ्या एकूण दाबापैकी २०३२ मिमीच्या वाहनात १८ टक्के, २४०० मिमीच्या वाहनात जवळपास २४ टक्के आणि २८५० मिमीच्या वाहनात २९ टक्के दाब पुढच्या चाकांवर उरतो. या उरलेल्या दाबावरच पुढच्या चाकांची ओढ आणि दिशा अवलंबून असते.

गुरुत्वमध्याची उंची मोजणे

महाविद्यालयीन गटांच्या अहवालांत गुरुत्वमध्याची उंची पुष्कळदा संगणकीय आराखड्यातून घेतलेली असते. बांधून झालेल्या वाहनात बॅटरी, पाण्याने भरलेला रेडिएटर, सुटे चाक आणि चालक यांमुळे ती बदलते. मोजण्याची पद्धत साधी आहे. कमानी अडकवून ताठ कराव्यात आणि मागची चाके वजनकाट्यावर ठेवून पुढची चाके ठरावीक उंचीला उचलावीत. मागच्या काट्यावर वाढलेल्या वजनाला व्हीलबेसने गुणून, एकूण वजन आणि उचललेल्या कोनाची स्पर्शज्या यांच्या गुणाकाराने भागले असता चाकाच्या मध्यापासून गुरुत्वमध्याची उंची मिळते.

उदाहरणार्थ, ११०० किलोची व २४०० मिमी व्हीलबेसची बग्गी पुढून ६०० मिमी उचलली आणि मागे ४३ किलो वाढले, तर गुरुत्वमध्य चाकाच्या मध्यापासून सुमारे ३६३ मिमी वर आहे. ३१ इंची टायरची त्रिज्या मिळवली की जमिनीपासूनची उंची सुमारे ७५७ मिमी होते. या मोजमापात दहा किलोची चूक म्हणजे उत्तरात ८५ मिमीची चूक. महामार्गालगतचा मालट्रकचा काटा त्यासाठी वापरू नये. धान्याच्या दुकानातले प्लॅटफॉर्म काटे त्यापेक्षा बरे.

ट्रॅक रुंदी

डाव्या व उजव्या चाकांच्या मध्यांमधील अंतराला ट्रॅक रुंदी म्हणतात. खडकावर वाहने मागे उलटण्यापेक्षा कुशीवर पडण्याचे प्रसंग अधिक येतात, कारण वाहन लांबीपेक्षा रुंदीला नेहमीच कमी असते. जिप्सीची पुढची ट्रॅक रुंदी १३०० मिमी आहे. गुरुत्वमध्य ७०० मिमीवर धरल्यास आडव्या उतारावरची तिची मर्यादा ४३ अंश येते. ट्रॅक १५०० मिमी केल्यास ती ४७ अंश होते. तेवढाच लाभ ट्रॅक न वाढवता मिळवायचा तर गुरुत्वमध्य सुमारे ९३ मिमी खाली आणावा लागेल. इंजिन व आसन खाली बसवून हे बऱ्याच अंशी साधते आणि त्यासाठी वाहन रुंद करावे लागत नाही. रुंदीची किंमत अरुंद फटींत मोजावी लागते. दोन धोंड्यांमधून वाहन शिरलेच नाही, तर आडव्या उताराचे गणित कामी येत नाही. केवळ चाकाची चकती बाहेर काढून मिळवलेली रुंदी चाकाच्या बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर जादा भार टाकते, हेही लक्षात घ्यावे लागते.

वळण

लांब व्हीलबेसचा खरा दोष वळणात दिसतो. पुढच्या बाहेरील चाकाच्या वळणाची त्रिज्या ही व्हीलबेसला चाक वळण्याच्या कोनाच्या ज्येने भागून मिळते. चाके ३५ अंश वळत असतील, तर २४३० मिमीच्या वाहनाची त्रिज्या ४.२ मीटर आणि २८५० मिमीच्या वाहनाची ५ मीटर होते. पाच मीटरच्या वळणाला ओढ्यात जागा सापडणे कठीण असते.

यावर स्पर्धेतील बग्ग्यांनी शोधलेला उपाय म्हणजे मागची चाकेही वळवणे. पुढची व मागची चाके परस्परविरुद्ध दिशेला सारख्याच कोनात वळली की त्रिज्या निम्मी होते. २८५० मिमीची बग्गी तेव्हा सुमारे २.५ मीटरमध्ये वळते, म्हणजे जुन्या जीपपेक्षाही लहान वर्तुळात. अमेरिकेतील स्पर्धांच्या बग्ग्या १०० ते ११५ इंचांपर्यंत लांब होऊ शकल्या त्यामागे हे महत्त्वाचे कारण आहे. मागे वळणारा आस महाग असतो. त्याला हायड्रॉलिक सिलिंडर, वेगळा पंप आणि चालकाच्या हाताशी आणखी एक नियंत्रण लागते. ज्याला हे परवडत नाही त्याने अशा बग्ग्यांचा व्हीलबेस तेवढा उचलू नये. छायाचित्रे पाहून बांधलेल्या अनेक बग्ग्या येथेच फसतात.

टायर आधी, व्हीलबेस नंतर

अनुभवी बांधणीकार टायरपासून सुरुवात करतात. दोन चाकांमधील मोकळी जागा टायरच्या मानाने फार मोठी झाली तर धोंडा त्यात बसतो आणि पोट टेकते. फार लहान झाली तर वाहन प्रत्येक दगडावर पुढे-मागे डुलते. चाळीस इंची टायर आणि १०८ ते ११२ इंच व्हीलबेस अशी जोडी मोठ्या बग्ग्यांत नेहमी दिसते, म्हणजे गुणोत्तर २.७ ते २.८ पडते. हेच गुणोत्तर ३३ इंची, म्हणजे ८३८ मिमी व्यासाच्या टायरला लावले तर व्हीलबेस २२६० ते २३५० मिमी येतो. जिप्सीचा मूळ व्हीलबेस याच्या जवळच आहे. हा नियम नव्हे, अंदाज आहे. चढ जास्त असलेल्या भागासाठी त्यात १०० ते १५० मिमी वाढवणे योग्य ठरते.

टायरचा व्यास आसाच्या ताकदीवर ठरतो. हलक्या वाहनाच्या आसाला ३७ इंची टायर लावला तर दगडात अडकलेले चाक सुटण्याआधी आसदांडाच तुटतो. डिफरन्शियल लॉक असल्यास हा धोका वाढतो, कारण लॉक केल्यावर संपूर्ण जोर पकड असलेल्या एकाच चाकाकडे जाऊ शकतो. गिअरचे प्रमाण पुरेसे मंद नसेल तर चालक क्लच दाबून धक्के देतो, आणि धक्क्यानेच तुटफूट होते. या दृष्टीने भंगारातून आणलेला मजबूत आस नव्या मोठ्या टायरपेक्षा मोलाचा आहे.

व्हीलबेस फार आखूड ठेवण्यात आणखी एक अडचण आहे. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकामागोमाग बसवल्यावर मागच्या आसापर्यंत फार थोडी जागा उरते. ट्रान्सफर केस आसापेक्षा २०० मिमी उंच आणि मधले आडवे अंतर ५०० मिमी असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा कोन सुमारे २२ अंश होतो. अंतर ८०० मिमी केल्यास तो १४ अंशांवर येतो. कमान पूर्ण सुटली की त्यात आणखी भर पडते आणि क्रॉसचा सांधा अडतो किंवा फुटतो. कागदावर २००० मिमीची बग्गी आकर्षक वाटते, पण प्रत्यक्षात ती बांधणाऱ्याला शेवटी इंजिन चालकाच्या मागे न्यावे लागते.

लहान प्रतिकृतीवर चाचणी

उलटण्याचे आणि पोट टेकण्याचे कोन वाहनाच्या प्रमाणावर अवलंबून नसतात. सर्व मापे एक दशांश केली तरी कोन तेच राहतात. त्यामुळे दूरनियंत्रित एक दशांश प्रतिकृतीवर वेगवेगळे व्हीलबेस पाहणे हा विद्यार्थ्यांसाठी स्वस्त मार्ग आहे. मात्र टायरची लवचीकता, कमानींची हालचाल व धक्क्यांचा परिणाम प्रतिकृतीत त्याच प्रमाणात उतरत नाही. प्रतिकृती खरे वाहन चढू शकणार नाही असे चढ सहज चढते. तिच्यावरून भूमिती शिकावी, धाडस नव्हे.

विद्यार्थ्यांच्या बाहा स्पर्धेशीही या वाहनाची गल्लत होते. एसएई संस्थेची ही स्पर्धा अमेरिकेत १९७६ पासून आणि भारतात २००७ पासून, मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे सुरू झाली. तिच्या नियमांत वाहनाची रुंदी ६४ इंच आणि लांबी १०८ इंच अशी मर्यादा आहे. ती वाहने वेग, उड्या आणि टिकाऊपणासाठी असतात. त्यांची मापे खडकाच्या बग्गीला लागू पडत नाहीत.

डहाणू व तलासरीचा भूभाग

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तर टोकाला डहाणू व तलासरी हे तालुके आहेत. किनाऱ्यालगत चिकूच्या वाड्या आणि सपाट जमीन आहे, तर मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या दोन्ही अंगांना आणि विशेषतः पूर्वेस डोंगर सुरू होतात. खडक दख्खनच्या पठाराचाच, म्हणजे काळा बसाल्ट आहे. किनारपट्टीच्या या पट्ट्यात बसाल्टमध्ये घुसलेल्या उभ्या शिळाभित्ती पुष्कळ असून त्या साधारण दक्षिणोत्तर जातात. पश्चिमेकडे वाहणारा ओढा अशा भित्तीला आडवा छेदतो तेथे पायरी तयार होते. पायरीच्या खाली गोल झिजलेले धोंडे साचतात, कारण बसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो.

कोरड्या बसाल्टवर रबराची पकड उत्तम असते. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने ओढ्यातील दगडांवर शेवाळ असते, तेव्हा तीच जागा काचेसारखी होते. कोरड्यात ४५ अंशांवर पकड देणारा दगड ओल्यात २० अंशांवरही चाक फिरवत ठेवतो. अशा जागी लांब व्हीलबेसचा लाभ कमी होतो आणि सर्व चारही चाके जमिनीला टेकलेली ठेवणारी मऊ, लांब हालचालीची कमान अधिक उपयोगी पडते. पायऱ्या एक मीटरच्या आतल्या, धोंडे गोल आणि वळणे अरुंद, अशा भूभागासाठी मागे न वळणाऱ्या बग्गीचा व्हीलबेस २४०० ते २५०० मिमी, ट्रॅक रुंदी सुमारे १५०० मिमी आणि टायर ३३ इंची ठेवणे हा समतोल पर्याय आहे. मोआबच्या रुंद, खरखरीत वालुकाश्मावर हीच बग्गी आखूड वाटेल.

या दोन तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून सौम्य भूकंपांची मालिका अनुभवास आली असून धुंदलवाडी परिसराचे नाव त्या संदर्भात वारंवार आले. बहुतेक धक्के लहान होते, तरी घरांना तडे गेले आणि लोक उघड्यावर झोपू लागले. उतारावर अर्धवट टेकलेल्या धोंड्यांच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्षून चालत नाही. गेल्या हंगामात स्थिर असलेला दगड या हंगामातही स्थिर आहे असे मानणे धोक्याचे असते. बग्गीखाली दगड सरकला तर वर काढलेले सर्व कोन निरुपयोगी ठरतात. अशा वेळी चालकाला वाचवतो तो नळ्यांचा पिंजरा. त्याचा वरचा भाग डोक्यापासून पुरेसा वर आणि आसनाला जोडलेला असावा लागतो. व्हीलबेस ठरवताना पिंजऱ्यासाठी आसनाच्या मागे जागा सोडली नाही, तर ती नंतर मिळत नाही.

जागा आणि कायदा

डहाणू तालुका केंद्र सरकारच्या १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरवण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये त्यासाठी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. डोंगरांचा मोठा भाग वनखात्याकडे आहे. राखीव वनात विनापरवाना प्रवेश करणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. डोंगर रिकामा दिसला तरी तो वारली, कोकणा व इतर आदिवासी कुटुंबांच्या गुरांचा, सरपणाचा आणि पाण्याचा असतो. महालक्ष्मीच्या गडासारख्या जागी तर देवस्थान असून चैत्री पौर्णिमेला तेथे ध्वज चढतो. ओढ्याच्या पात्रात सांडलेले गिअर तेल खाली पाणी भरणाऱ्यांच्या हंड्यात जाते. त्यामुळे सरावासाठी खाजगी जमीन, तिच्या मालकाची संमती आणि जवळपासच्या वस्तीला आधी दिलेली कल्पना या किमान बाबी ठरतात.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे होईल असे फेरफार नोंदणीकृत वाहनात करता येत नाहीत. जिप्सीचा सांगाडा कापून व्हीलबेस बदलला की ते रस्त्यावरचे वाहन राहत नाही. बग्गी म्हणूनच मालट्रकवर किंवा ट्रेलरवर वाहून नेतात, आणि येथे रुंदीला आणखी एक मर्यादा येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर असते. ट्रेलरच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या वजा केल्या की बग्गीच्या टायरांच्या बाहेरील कडांपर्यंतची रुंदी दोन मीटरच्या आसपासच ठेवणे सोयीचे पडते. वाडीतून जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर तर त्याहूनही कमी.